आंबेमाळचे पाट

महाड
२९ जुलै २०२१

मंजे,

ही ओळ आधी वाच आणि मग श्वास घे: अण्णा आणि मी दोघंही जिवंत आहोत, धडधाकट आहोत.

फोन मेलेत, वीज नाही, म्हणून हे पत्र गणूभावजींच्या हाती देतेय. तुझा दीर म्हणजे बहाद्दर आहे हं! रस्ता कुठे आहे आणि कुठे वाहून गेलाय याचा पत्ता नाही, आणि हा माणूस आंबेमाळहून पोलादपूरपर्यंत चालत, पुढे कुणाच्या तरी डंपरमध्ये उभा राहून, डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन दारात हजर! त्यांना पाहून मी रडले आणि रडता रडताच भाकरी मागितली. ते मागच्या बोळात पाय धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत, तोवर मी दोन संपवल्या.

बावीस तारखेचं काय सांगू? पाणी दर पावसाळ्यात आळीत येतं, ओटा ओला करतं आणि जातं. तसंच येईल म्हणून आम्ही कारखान्यातले खालच्या फळीवरचे गणपती वरच्या फळीवर ठेवले आणि चहा टाकला. या खेपेला सावित्री आणि गांधारी, दोघी नद्या, एकदमच घरात शिरल्या. आम्ही माडीवर पळालो. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या आणि खाली मूर्ती फळीवरून पाण्यात पडायला लागल्या. अण्णा प्रत्येक आवाजाला नाव घेत होते. "हा मोरूचा गेला. हा साळूबाईचा." त्यांना आवाजावरून कळत होतं की ते नुसतंच म्हणत होते, मला माहीत नाही. मी कान झाकून घेतले.

शाडूच तो, विरघळला. ते मी धरूनच चालले होते. पण मंजे, तुमच्या वाडीचे पाटही गेले! सगळे! आषाढ लागला तसे घरटी एक करून नेहमीसारखे आले होते. ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याचा त्याचा गणपती घडायचा, त्याच पाटावर बसून डोंगर चढायचा, विसर्जन झालं की पाट घरी आणि पुढच्या आषाढात पुन्हा अण्णांच्या हवाली. पणजोबांच्या वेळचे पाट होते गं त्यात. आता ते खाडीला लागले असतील नाहीतर गाळात कुजत असतील.

तेव्हापासून अण्णा गॅलरीत नदीकडे तोंड करून बसलेत. एकदाच बोलले. "लोकांनी देवाची जागा माझ्या हवाली केली, ती मला सांभाळता आली नाही. आता गणपती कुठल्या तोंडाने देऊ? कारखाना बंद." आणि पुन्हा नदीकडे तोंड. मूर्ती न करणारे अण्णा मला बघवत नाहीत. आई गेली तेव्हासुद्धा या माणसाचे हात थांबले नव्हते.

म्हणून मी गणूभावजींना थाप मारलीय की पाट माळ्यावर सुखरूप आहेत. तूही वाडीत अक्षर बोलू नकोस. कुणी चौकशीला खाली आलं आणि अण्णांसमोर पाटाचं नाव काढलं, तर ते पुन्हा उठायचे नाहीत. चतुर्थी दहा सप्टेंबरला आहे. तोवर मी काहीतरी करते. काय, ते मला विचारू नकोस, कारण मला माहीत नाही.

तुझी
अमी

*

आंबेमाळ
२ ऑगस्ट

अमे,

पत्र चुलीपाशी वाचलं आणि तवा करपला. सासूबाईंनी विचारलं काय झालं, तर म्हटलं महाडात भाकरी मिळत नाही म्हणून वाईट वाटलं.

इथं माणसं, गुरं सगळी आहेत. फोनचा टॉवर मात्र दरडीत गेला, दिवाळीच्या आत उठायचा नाही म्हणतात. खाचरात दगडगोटे येऊन बसलेत, भात दिसत नाही. देवळामागचा थोरला फणस त्याच पावसात मुळासकट आडवा झाला. तळीये गाव दरडीखाली गेल्याचं ऐकलं तेव्हापासून वाडीत कुणी डोंगराकडे पाठ करून जेवत नाही. पाऊस वाढला की पोरं उठून दारात उभी राहतात. अंगणवाडीत पाढे घेते तर तिथंही सगळ्यांच्या माना खिडकीकडे. त्यामुळे तुला सांगते, या वर्षी गणपती यायलाच हवा. नाही आला तर ही माणसं अशीच डोंगराकडे बघत बसतील.

आता ऐक! तुझ्या या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही असं तू लहानपणापासून म्हणतेस ना? मी नुसतं गुपित ठेवलं नाही, उपायही काढलाय. पाट नवे करायचे, पण अगदी जुन्यासारखे! माती लावली, गणपती बसला, की पाट कोण निरखून बघतंय?

कसे होते ते कळायला हवं, म्हणून मी घरोघर फिरले. "अंगणवाडीच्या पोरांना बसायला पाट करायचे आहेत, तुमच्या गणपतीच्या पाटासारखेच करू म्हणते, कसा हाय तुमचा?" कुणाला संशय नाही! उलट माणसं इतकी खुलून सांगायला लागली की मला उठता येईना. मोरूकाकाचा फणसाचा, काळाकुळीत, एक कोपरा उंदराने खाल्लेला. भरतच्या घरच्या पाटाला खाली वाघाच्या पंजासारखे पाय. हसू नकोस. ठकूबाईच्या पाटाला काठाने वेल कोरलेली. आणि साळूबाईचा तर ऐकतच राहा, चारी कोपऱ्यांना पितळेची फुलं! मी म्हटलं, "आजी, मला नाय आठवत गो फुलं." तर म्हणते कशी, "तुझं ध्यान पाटाकडं व्हतं कवा? तुझं ध्यान मोदकाकडं!"

सगळ्या पाटांची चित्रं काढून सोबत दिली आहेत. सुतार शोध. अण्णाकाकांना उठव. माझे हात नुसते शिवशिवतायत, पण मला इथून हलता येत नाही.

मंजुळा

*

महाड
१३ ऑगस्ट, नागपंचमी

मंजे, मंजे, मंजे!

अण्णा मातीत बसले! आत्ता, मी हे लिहितेय तेव्हा, खाली शाडू मळल्याचा धपाधपा आवाज येतोय!

पण पहिल्यापासून सांगते. आधी आळीच सापडत नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या, कपाटं, दुकानांतला माल, सगळ्यावर एकच चिखलाचा रंग. मग माणसं यायला लागली. पुण्याची, मुंबईची, सांगलीची, कुठली कुठली. ओळख ना पाळख, फावडं घेऊन थेट घरात. एका मुलीने आमचा कारखाना अख्खा दिवस उपसला, जेवायला बसल्यावर कळलं की ती दातांची डॉक्टर आहे. पेणहून अण्णांच्या एका जुन्या सोबत्याने शाडूच्या गोण्या पाठवल्या, त्याच ट्रकमधून दुसऱ्या कुणासाठी गाद्या आल्या. हर्षद सुताराचं यंत्र गाळाने भरलंय, पण तो म्हणाला, रंधा आहे आणि हात आहेत. लाकडाचं काय? वखारीतल्या सागाच्या फळ्या पुराबरोबर आमच्याच आळीत येऊन अडकल्या होत्या. परत द्यायला गेले तर वखारवाले म्हणाले, "देवाच्या दारात आपणहून आलंय ते, ठेव."

आणि आता चमत्कार. मोरूकाकाचा पाट सापडला! खरा! मागच्या बोळात, गाळाच्या ढिगापलीकडे, भिंतीला नीट टेकून उभा. पुरात वाहिलेली वस्तू अशी शहाण्यासारखी उभी कशी राहिली कोण जाणे. उंदराने खाल्लेल्या कोपऱ्यासकट! मी तो तसाच अण्णांच्या मांडीवर नेऊन ठेवला. त्यांनी तो कोपरा चाचपला. मग उठले, बादली घेतली आणि स्वतःच्या हाताने तो धुतला.

तीच वेळ साधून मी बोलले, आणि काय बोलले ते ऐकून तू मला मारशील. मी म्हटलं, "अण्णा, वाडीला मी सगळं कळवलंय. पाट गेल्याचं त्यांना ठाऊक आहे. ते म्हणतात, पाट नवे चालतील, गणपती तुमच्याच हातचा हवा." अण्णा म्हणाले, "खरं?" मी म्हटलं, "खरं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता सांग, त्यानंतर माघार कशी घेऊ?

म्हणजे वाडीला वाटतं पाट माळ्यावर आहेत आणि अण्णांना वाटतं वाडीला सगळं ठाऊक आहे. दोन्हीकडे मीच खोटी. माणसं गणपती न्यायला आली आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला की संपलं. आणि अण्णांनी वर हेही सांगून ठेवलंय की एवढं वर्ष शब्द पाळतो, मग कारखान्याला कुलूप. लोकांची वस्तू पुन्हा जोखमीवर ठेवून घेणार नाही म्हणे. मी सध्या ते ऐकलंच नाही असं धरलंय.

एक काळजी आहे. साळूबाईचा नवा पाट पाहून ते म्हणाले, "हिच्या पाटाला फुलं कधी होती?" पुराच्या धक्क्याने अण्णांची आठवण गेली की काय?

आणि सुकं इंधन पाठव! हवा इतकी दमट आहे की मूर्ती वाळत नाहीत. शेगड्या आहेत, त्यांत घालायला काही नाही.

अमी

*

आंबेमाळ
२९ ऑगस्ट

अमे,

गोवऱ्या पोचल्या असतील. गोठ्याच्या पोटमाळ्यावर कोरड्या ठेवल्या होत्या त्या. मी घरोघर मागितल्या आणि कुणी "कशाला?" एवढंही विचारलं नाही, टोपल्या भरभरून दिल्या. मला वाटलं माझ्या अंगणवाडीचा केवढा मान आहे.

कसला मान. आता हे बसून वाच.

काल देवळामागून करवतीचा आवाज आला म्हणून मी डोकावले. भरत, मोरूकाका, आमचे हे आणि मुंबईहून आलेला सुनील, सगळे त्या पडलेल्या फणसापाशी. मला बघताच सुनीलने घाईघाईने ताडपत्री ओढली. पण मला दिसायचं ते दिसलं. पाट! कोरे, पिवळेधमक फणसाचे पाट, एकावर एक! मोरूकाका म्हणत होता, "पोलादपूरचं पक्कं झालं ना? मग म्हाडाला शब्द कळवू नका." मी विचारलं, "काय चाललंय?" तर म्हणे, "काय नाय, सरपण." आमच्या ह्यांनी तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ते खोटं बोलताना असेच बुटांकडे बघतात.

अमे, नवा पाट कुणी कशाला करेल? नव्या कारखान्यात द्यायला. त्यांना जुने पाट गेल्याचं कळलंय गो. अण्णाकाकांवर ठपका ठेवतील अशी माणसं नाहीत ही, म्हणून गुपचूप पोलादपूरला दुसरा कुणी धरलाय. गणूभावजींना विचारलं तर ते पत्रासाठी हात पुढे करून म्हणाले, "वहिनी, माझं काम टपालाचं."

आता तूच सांग काय करू. चावडीवर उभी राहून खरं सांगू का?

मंजुळा

*

महाड
१ सप्टेंबर

मंजे,

काही सांगू नकोस. आता सांगून काय होणार?

तुमच्या वाडीचे सगळे गणपती फळीवर उभे आहेत. तुमच्या गोवऱ्यांच्या धगीवर वाळले, कालपासून रंग चढतोय. अण्णा डोळे आखताना श्वास ओढून धरतात तो आवाज मी महिन्याने ऐकला. आज न्याहारीला बसताना ते म्हणाले, "आंबेमाळवाल्यांनी माझी लाज राखली." मी पोहे तोंडात घालून मान हलवली.

हरतालिकेच्या दिवशी कुणीच आलं नाही तर मी त्यांना काय सांगू, याचा विचार करकरून माझं डोकं भणभणलंय. गौरीच्या नथीला मोती लावायचा तो मी उंदराच्या शेपटीला लावला.

तरी मूर्ती पूर्ण करतेय. त्या फळीवर बघितल्या की मला अजूनही आनंदच होतो, काय करू?

अमी

*

महाड
११ सप्टेंबर, ऋषिपंचमी

गुपित सांभाळणाऱ्या सौ. मंजुळाबाई यांस,

आले! एक टेम्पो भरून आले! पोलादपूरचं काय पक्कं झालं होतं माहीत आहे? टेम्पो!

हरतालिकेला सकाळपासून मी दाराआड उभी. दुपार टळली आणि ढोलकीचा आवाज आला. आधी गणूभावजी, मग भरत, सुनील, मोरूकाका, आणि मधोमध, टेम्पोच्या पुढच्या सीटवरून हात धरून उतरवलेली साळूबाई! गणपती न्यायला बाप्ये येतात, म्हातारी कशाला आली असेल?

आणि अण्णांनी व्हायला नको तेच केलं. टोपी नीट केली, उंबऱ्यात जाऊन हात जोडले आणि म्हणाले, "तुमचे पाट माझ्याकडून गेले. तुम्हाला ठाऊक असून तुम्ही आलात. पण मी माझ्या तोंडाने सांगितलं नव्हतं, ते आज सांगतो."

संपलं, मंजे. मी डोळे मिटून घेतले. आता कुणीतरी म्हणणार, "गेले? कधी?"

तर साळूबाईचा आवाज आला, "अण्णा, हात खाली करा. आमाला पयल्याच दिसापासनं ठाव हाय."

मी डोळे उघडले. "कुणी सांगितलं?"

गणूभावजी पायाने जमीन उकरत होते. "ताई, मी बोळात पाय धुवाया गेलो तवाच गाळात मोरूकाकाचा पाट दिसला. मीच काढून भिताडाला लावून ठेवला. तुमी म्हणालात माळ्यावर हाय. म्हटलं, तुमाला सांगायचं नसंल, तर आपुन कशाला इचारा?"

माझा चमत्कार, मंजे! माझा शहाण्यासारखा उभा राहिलेला पाट!

सगळ्या वाडीला माहीत होतं. तू घरोघर फिरलीस तेव्हाही. साळूबाई आत आली, आपला गणपती शोधला आणि पाटाच्या कोपऱ्यावरच्या पितळी फुलावरून बोट फिरवत खुदकन हसली. म्हणाली, "माझ्या पाटाला धड खिळा नव्हता गो. मंजुळा इचाराया आली. अंगणवाडीच्या पोरांना बसाया देवाचा पाट लागतो व्हय? म्हटलं, ह्या पोरी नवाच करतायत, तर जरा बरा तरी होऊ दे." भरत लगेच वाघाच्या पायांकडे बघून खोकला. ठकूबाईच्या पाटाला कधी वेल नव्हती. एकटा मोरूकाका खरं बोलला होता, तो आता हळहळत होता. आणि अण्णांची आठवण शाबूत आहे, हे वेगळं सांगायला नको! अण्णा इतके हसले की भिंतीला धरून उभे राहिले. पुरानंतर पहिल्यांदा त्यांचा हसण्याचा आवाज आळीत गेला, शेजारचे बघायला आले.

मी म्हटलं, "मग तो फणस? ते पाट?"

सुनीलने टेम्पोची ताडपत्री काढली. पिवळेधमक पाट, तुला दिसले तेच. एकेक जण आपापला उचलून आत आणायला लागला आणि अण्णांच्या पायापाशी ठेवायला लागला. अण्णा गोंधळले. "अरे, गणपती तर पाटावर बसलेत तुमचे. हे कशाला?"

"हे पुढल्या वर्साचं," साळूबाई म्हणाली.

"आषाढ लांब आहे अजून."

"असू दे लांब. फणस ओला हाय, तुमच्याकडं वरीसभर वाळंल. कुलूप लावणार म्हणं तुमी? लावा. आमचं पाट आत ठेवून लावा."

अण्णांना कुलूप घालायचं आहे हे मी तुलाच लिहिलं होतं. पण ते असू दे, तुझ्या तोंडातल्या तिळाबद्दल आज काही बोलणार नाही.

अण्णा पाटांकडे वाकले. खाली बसले आणि पाट मोजावेत तसा एकेकाला हात लावत गेले. शेवटी एक जास्तीचा निघाला, सगळ्यांत लहान. "हा कुणाचा?"

मोरूकाका म्हणाला, "तुमचा. तुमच्या घरचा बी गेलाच असंल ना वाहून? इतक्या वर्सांत आमी कुनी तुमच्या गणपतीचं इचारलंच नाय."

खरंच, मंजे. सगळ्यांचे पाट शोधताना आमचा स्वतःचा गेला हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. अण्णांच्या आलं असणार. ते कधी बोलले नाहीत.

मग सगळ्यांनी मूर्ती डोक्यावर घेतल्या. मोरया म्हणताना मी एवढी ओरडले की घसा बसला. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला आणि मी वळून बघते तर अण्णा तो लहान पाट मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, "अमे, शाडू उरलाय का थोडा?"

आमचा गणपती काल ओलाच बसला. रंग नाही, दागिने नाहीत, सोंडेवर अण्णांच्या बोटाचा ठसा तसाच. मी तो पुसू दिला नाही.

अमी

*

आंबेमाळ
१३ सप्टेंबर, गौरीजेवण

अमे,

वाडीत आता मला कुणी नावाने हाक मारत नाही. "पाटवाल्या बाई" म्हणतात. साळूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला आधी पितळी फुलं दाखवते, मग गणपती. भरतच्या घरी पोरं वाघाच्या पायाला नैवेद्य दाखवतात. आणि हो, कुलपाचं मी एकट्या सासूबाईंना सांगितलं होतं. एकट्या!

काल रात्री पाऊस मोठा झाला. आरत्या चालल्या होत्या, झांजा होत्या. मी मुद्दाम पोरांकडे बघितलं. एकानेही मान वळवली नाही.

पाट माळ्यावर ठेवलेस ना? खरोखरच्या माळ्यावर?

मंजुळा